गुलाबची अंघोळ

कोंबड्याला अंघोळ घालणारा अख्ख्या शिरूरात मी एकटाच माणूस आहे, असं आमच्या शेजारच्या गिताबाईंनी सगळ्या कॉलनीसमोर जाहीर केलं, तेव्हा मला राग आला नाही. राग आला तो त्यांच्या पुढच्या वाक्याचा. त्या म्हणाल्या, "आमच्यात बी घालत्यात की, पन मसाला लावायच्या आधी."

गुलाब हा तो कोंबडा. रंग पांढराशुभ्र, तरीही नाव गुलाब, कारण बाजारातून आणला तेव्हा तो गुलाबी होता. त्या काळात, म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, आठवडी बाजारात रंगवलेली पिल्लं टोपलीत घालून विकायला येत. हिरवी, जांभळी, गुलाबी. पोरांनी हट्ट करायचा, बापानं पिल्लू घेऊन द्यायचं, ते एक-दोन दिवसांत मरायचं आणि पोरांनी जेवायचं नाही, असा तो ठरलेला कार्यक्रम असे. आमच्या मनीचं पिल्लू मात्र मरायचं विसरलं. त्याचा रंग उडाला, त्याला तुरा फुटला, पहाटेचा आवाज फुटला, आणि तोवर मनीचं सगळं लक्ष सायकलवर गेलं होतं. गुलाब माझ्या वाट्याला आला. सुरुवातीला मी तो नाइलाजानं सांभाळतोय असं दाखवत असे. नंतर कचेरीतून आल्यावर मी चपला काढायच्या आधी त्याला हाक मारतो, हे माझ्या बायकोच्या, सुषमाच्या, लक्षात आलं आणि दाखवण्यात काही अर्थ उरला नाही. तो मला आवडत होता, फार आवडत होता, आणि कालव्याच्या कचेरीत लिपिक असलेल्या माणसाला हे चारचौघांत सांगणं सोपं नसतं.

अंघोळ दर रविवारी. कोमट पाणी आणि मनीचा शाम्पू. आधी तो उजवा पंख उचले, मग डावा, मग मान वर करून डोळे मिटून घेई. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं होतं. शिकवावं लागलं ते एकच. अंघोळ झाली की तो सगळं अंग असं झाडायचा की दोरीवरच्या इस्त्रीच्या साडीपासून पिण्याच्या पाण्याच्या हंड्यापर्यंत शिंतोडे उडायचे. सुषमानं एकदाच सांगितलं, "एक तर ह्याचं झाडणं बंद करा, नाहीतर मी स्वयंपाक बंद करते." म्हणून मी त्याला टॉवेल दाखवून "थांब" म्हणायला लागलो. टॉवेलात गुंडाळायचं, गच्चीवर न्यायचं, पुसायचं, आणि मग त्यानं मनसोक्त झाडायचं. पुढे पुढे अंगाला टॉवेल लागेपर्यंत तो एक पीससुद्धा हलवेनासा झाला. इतकी शिस्त मी आमच्या कचेरीत कुणाच्यात पाहिली नाही, माझ्यात तर नाहीच.

मे महिना लागला आणि सासरवाडीची यात्रा जवळ आली. गाव दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जायचं असतं. म्हसोबाची यात्रा, लेकी-जावई झाडून हजर, आणि गैरहजर जावयाचा विषय पुढच्या यात्रेपर्यंत पुरतो. जाणं भाग होतं. प्रश्न गुलाबचा होता.

नेमकी त्याच आठवड्यात रविवारच्या पुरवणीत माहिती आली होती. सुट्टीतल्या समारंभांत पाळीव प्राण्यांची काळजी कशी घ्यावी. फटाक्यांच्या आवाजापासून त्यांना दूर ठेवा, कानात कापूस घाला, गर्दीत हरवू नयेत म्हणून ओळखीची खूण बांधा, त्यांच्या नेहमीच्या अंथरुणाचा तुकडा सोबत ठेवा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुण्याच्या बंगल्यातलं केसाळ कुत्रं होतं, हे उघड होतं. पण सरकारी नोकरीत एक सवय लागते. परिपत्रक आपल्यासाठी निघालेलं नसलं तरी ते आपल्याला लागू करता येतं.

आधी मी त्याला शिरूरातच ठेवून जायचा विचार केला. गिताबाई लगेच म्हणाल्या, "ठिवा की आमच्याकडं, घरच्यावानी राहील." मी खूश होऊन घरात वळलो तर मागून त्यांनी सुषमाला विचारलं, "किती किलू भरंल गं?" ते संपलं. मग माळकरी असलेले कोंडिबा आप्पा. त्यांच्या घरात गुलाबला भीती नव्हती. आप्पांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हौशीराम, मुक्या जिवाला वाचवनं लई पुण्याचं काम हाय. त्ये तू कर. माझ्या वट्यावर कोंबडं नगं." एवढं बोलून त्यांनी मला खडीसाखर दिली.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या कंपाउंडरनं विचारलं, "काय होतंय?"

"काही होत नाही. चार दिवस ठेवून घ्याल का?"

"मग आजारी तरी पडू द्या."

"आजारी पडू नये म्हणूनच ठेवायचा आहे."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, इथं आजारी जनावराला औषध मिळतं, मेलेल्या जनावराचा दाखला मिळतो. धडधाकट जनावराला द्यायला आमच्याकडं काहीच नाही." मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि ते पटल्याचाच मला अधिक त्रास झाला.

तेव्हा गुलाब आमच्याबरोबर निघाला. पुरवणीत सांगितल्याप्रमाणे मी खबरदारी घेतली. बाजारहाटाची मोठी पिशवी, तळाशी त्याच्या पोत्याचा तुकडा, खिशात कापूस. ओळखीची खूण म्हणून कचेरीतली फायली बांधायची लाल फीत त्याच्या पायाला घट्ट गाठ मारून बांधली. त्या लाल फितीनं आजवर कितीतरी लोकांची कामं अडवून धरली होती. एका कोंबड्याला धरून ठेवणं तिला जड जाऊ नये, असं मला वाटलं.

एस.टी.त कंडक्टर आला. "पिशवीत काय हाय?"

"कोंबडा."

"सामान का प्रवासी?"

"म्हणजे?"

"मुंडकं आत हाय तवर सामान. भायेर आलं की प्रवासी."

न्हावऱ्यापर्यंत मी ते मुंडकं आत दाबत होतो आणि गुलाब ते बाहेर काढत होता. खिडकीतून बाहेर बघायची त्याला फार हौस. आमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तोवर सुषमाला पाटा-वरवंट्याच्या मसाल्याची पूर्ण कृती सांगितली होती आणि "पांढरं हाय, लवकर शिजंल" असा दिलासाही दिला होता. सुषमा मान हलवत होती. मनीनं मात्र त्या बाईंना सांगून टाकलं, "ह्याला कापायचं नाहीये. हा आमच्या पप्पांचा आहे." सगळी गाडी माझ्याकडे वळून पाहायला लागली. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. गुलाबही पाहायला लागला आणि कंडक्टर तिकीट घेऊन आला.

दौंडला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरूनच एक लग्नाची वरात निघाली होती, बँड, घोडा आणि सुतळी बाँब. पुरवणीतली सूचना मला आठवली. मी कापूस काढला, गुलाबला मांडीवर घेतला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोंबड्याचे कान कुठे असतात हे आपल्याला माहीत नाही. मी पिसं बाजूला सारून शोधायला लागलो. गर्दी जमली. कुणी म्हणालं डोकं दुखत असेल, कुणी म्हणालं उन्हानं झालंय, हळद लावा. एक फेटेवाले गृहस्थ बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "पाव्हनं, ह्ये काय गावापातूर टिकत न्हाई. हितंच उरकून घ्या, पलीकडं आपल्या वळखीचा खानावळवाला हाय." वरात निघून गेली. गुलाबनं बाँबच्या आवाजाला ढुंकून विचारलं नव्हतं. कापसाची जरूर मलाच होती.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पिशवीतून बाहेर आलेलं मुंडकं पाहून माझा मेहुणा सुरज धावतच आला. तो सणसवाडीच्या कारखान्यात कामाला, यात्रेसाठी रजा टाकून आलेला. "आवो दाजी, कशाला तरास घेतला? हितं हाईत की," म्हणत त्यानं गुलाबला बाहेर काढलं, दोन्ही पाय एका मुठीत धरून उलटा केला आणि हातानं तोलून पाहिला. "सकाळच्याला पाव्हनं यायच्यात. ह्यो आजच करू." जावई यात्रेला कोंबडा घेऊन येतो आणि तो परत न्यायला आणलाय म्हणतो, हे वाक्य त्या अंगणात बोलायची माझी छाती होईना. सासरे, म्हणजे जोतिबामामा, बाजेवरून कौतुकानं बघत होते. सुरज विळी आणायला वळला. गुलाब उलटा लटकत माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात अनसाबाई पुढे आल्या. अनसाबाई म्हणजे सुषमाची आत्या, मामांची थोरली बहीण. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि देवधर्माच्या बाबतीत पहिलाही. त्यांच्या मागे मागे त्यांचा बोकड होता. बाळ्या त्याचं नाव. त्या बसल्या की तो बसायचा, त्या भाकरी खायला लागल्या की अर्धी त्याची. सुरज कारखान्यात कायम झाला की पुढच्या यात्रेला हा बोकड म्हसोबाला द्यायचा, असा अनसाबाईंचाच नवस होता. सुरजला त्यांनीच वाढवलेला, बाळ्यालाही त्यांनीच.

त्यांनी गुलाबच्या पायातली लाल फीत पाहिली आणि सुरजच्या हातावर चापट मारली. "सोड त्याला. नवसाचा हाय त्यो. दिसत न्हाई व्हय दोरा?" मग माझ्याकडे वळून, "व्हय ना जावई? नवसाचाच ना?"

सुरजची मूठ सुटली होती. गुलाब जमिनीवर उभा राहून पिसं सारखी करत होता. मी म्हणालो, "हो. नवसाचाच."

तेवढा वेळ मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं. नवसाच्या जनावराला घरात कुणी हात लावणार नाही, चार दिवस निघून जातील, कोंबडा पिशवीत घालून परत शिरूर. मी मनातल्या मनात फाईल बंद केली होती. अनसाबाईंनी ती उघडली.

"कशाचा नवस?"

"बढतीचा," मी म्हणालो. सरकारी माणसाला दुसरं सुचणार काय?

"मग झाली?"

इथं मी अडकलो. काम झाल्याशिवाय कुणी नवस फेडायला येत नाही, हे त्या अंगणातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. मी सुषमाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, गुलाबकडे पाहिलं, आणि पदर खोचून पाणी आणायला निघून गेली. "झाली," मी म्हणालो.

"म्हंजी उद्या सकाळी म्हसोबाम्होरं फेडायचा," अनसाबाई म्हणाल्या. "बरं झालं, येळंवर आला."

म्हणजे मी गुलाबला आजच्या विळीपासून वाचवलं आणि उद्याच्या सुरीपुढे नेऊन उभं केलं.

पुढची सूत्रं माझ्या हातात राहिली नाहीत. मामांनी उठून ट्रंकेतला फेटा काढला आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला बांधला. "आमचं जावई सायब झालं," एवढंच ते म्हणाले, पण ते असं म्हणाले की मला त्या फेट्याखाली घाम फुटला. पारावरच्या कर्ण्यावरून "शिरूरचे नवनियुक्त साहेब" असा पुकारा झाला. लगेच एक जण आला, त्याच्या शेताला कालव्याचं पाणी शेवटाला पोचत नव्हतं. दुसरा आला, त्याच्या पोराला शिपायाची जागा हवी होती. तिसऱ्यानं नुसताच चहा पाजला आणि म्हणाला, "काम मागाहून सांगतो." मी सगळ्यांना "बघतो" म्हणालो. साहेब लोक काय बोलतात ते मी इतकी वर्षं जवळून ऐकत आलो होतो. हाताखालच्या माणसाला साहेब व्हायला शब्द नवे शिकावे लागत नाहीत, फक्त आवाज जरा खाली न्यावा लागतो. थोडा वेळ मला ते आवडलंसुद्धा.

सकाळी म्हसोबापुढे गर्दी. लिंबाखाली छोटंसं देऊळ, गाभाऱ्यात शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवाचा दगड, समोर भगत, बाजूला बोकड आणि कोंबडे घेऊन उभे असलेले लोक. तिथली रीत अशी. जनावराला देवापुढे उभं करायचं, हळदकुंकू लावायचं, डोक्यावर आणि पाठीवर पाणी ओतायचं, आणि वाट बघायची. जनावरानं अंग झाडलं की देवानं ते घेतलं. झाडेपर्यंत सुरी उचलायची नाही. एरवी यात फारसा वेळ जात नाही. अनोळखी जागा, गर्दी, हलगीचा आवाज आणि अंगावर गार पाणी, कुठलंही जनावर झाडणारच. आमच्या आधीचे सगळे कोंबडे तांब्या कलता होण्याआधीच थरथरून मोकळे झाले. "घेतला," भगत म्हणायचा, आणि लोक "म्हसोबाच्या नावानं चांगभलं" म्हणायचे.

आमचा नंबर आला. मी गुलाबला देवापुढे ठेवला. मनी सुषमाच्या पदरात तोंड घालून उभी होती. भगतानं हळदकुंकू लावलं आणि तांब्याभर पाणी त्याच्या पाठीवर ओतलं.

गुलाबनं उजवा पंख उचलला.

भगत थांबला. त्यानं थोडं पाणी उचललेल्या पंखाखाली टाकलं, कदाचित नकळत. गुलाबनं तो पंख मिटला आणि डावा उचलला. हलगीवाला वाजवायचा थांबला. भगतानं दुसरा तांब्या डोक्यावर ओतला. गुलाबनं मान वर केली, डोळे मिटले, आणि अंगावरून पाणी निथळत असताना निवांत उभा राहिला. एक पीस हललं नाही. तो टॉवेलची वाट बघत होता. त्या गर्दीत हे कळणारी तीन माणसं होती, आणि तिघंही आम्हीच होतो.

तिसरा तांब्या, चौथा तांब्या, मग बादलीच. गुलाब ढिम्म. लोक पुढे सरकले. कुजबुज सुरू झाली. भगत ताठ झाला आणि म्हणाला, "देव घेत न्हाई. नवस बोलनाऱ्याचं कायतरी चुकलंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझं काय चुकलं असेल, यावर मग जाहीर विचारविनिमय सुरू झाला आणि मला आश्चर्य वाटलं ते लोकांच्या स्मरणशक्तीचं. सुरजला माझ्या लग्नातला रुसवा आठवला, मी घड्याळासाठी पंगतीतून उठलो होतो म्हणे. कुणाला आठवलं की चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला मी आलो नव्हतो. "आलं व्हतं, पन जेवून लगीच गेलं," दुसऱ्यानं दुरुस्ती केली. पाणी शेवटाला न पोचणारा शेतकरी म्हणाला, "काल मला बघतो म्हनलं, तवाच मला वळाखलं." एका म्हातारीनं मला कधीच पाहिलं नव्हतं, तिनं माझ्या चेहऱ्यावरून सांगितलं की हा माणूस उष्टं टाकत असणार. माझ्या डोक्यावर मामांचा फेटा होता आणि मी गुन्हेगारासारखा उभा होतो. बढती न होता चौकशी मात्र साहेबाच्या दर्जाची चालू होती. अपमानानं माझे कान तापले, पण खरं सांगतो, आतून मला हायसं वाटत होतं. मला काय हवं ते बोलोत. गुलाब झाडत नव्हता.

मग अनसाबाई म्हणाल्या, "पानी लई झालं. भिजून गारठलंय बिचारं. पुसून कोरडं करा आन् पुन्यांदा घाला."

"बराबर," भगत म्हणाला. "टावेल आना कुनीतरी."

सुरजच्या खांद्यावर टॉवेल होता. त्यानं तो झटकला, उलगडला आणि गुलाबजवळ वाकला. गुलाबनं टॉवेल पाहिला. त्यानं मान खाली घेतली, पाय जरा फाकवले, जसा तो गच्चीवर उभा राहतो तसा. टॉवेल लागायचा अवकाश, आणि तो असा झाडणार होता की गाभाऱ्यापर्यंत शिंतोडे उडाले असते. मनीनं पदरातून तोंड बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"थांब," मी ओरडलो. ते मी सुरजला म्हणालो होतो, पण गुलाबनंही ऐकलं आणि होता तसा उभा राहिला. "थांब सुरज. नवस खोटा आहे. माझी बढती झालेली नाही."

हलगी आधीच थांबली होती, आता माणसंही थांबली. मी फेटा काढला. मामांकडे बघवत नव्हतं, तरी त्यांच्याच हातात द्यायचा असल्यामुळे बघावं लागलं. त्यांनी तो घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि त्याची घडी घालायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती घडी घातली, आणि ती चुकली म्हणून पुन्हा घातली. मला फार लाज वाटली.

भगताच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "बघा," तो लोकांना म्हणाला. "म्हनून घेत न्हवता. देव फसत न्हाई." आणि मग जो चांगभल्याचा गजर झाला तसा त्या यात्रेत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. म्हसोबानं खोटं पकडलं होतं, तेही सरकारी माणसाचं, तेही सगळ्या गावासमोर. एवढा ताजा आणि डोळ्यांदेखतचा चमत्कार वाडीत कित्येक वर्षांत झाला नव्हता. ज्याच्यामुळे झाला त्या कोंबड्याला आता सुरी लावणं शक्यच नव्हतं. देवानं परत केलेलं जनावर कोण कापणार? लोक त्याच्या पाया पडायला लागले. ज्वारीचे दाणे टाकायला लागले. पाणी न पोचणाऱ्या शेतकऱ्यानं त्याच्यापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्याला देऊन माझ्यासमोरून निघून गेला.

पंगतीत मला शेवटी वाढलं. रस्सा मिळाला, फोडी मिळाल्या नाहीत. सकाळी झाडून मोकळे झालेल्या त्या बाकीच्या कोंबड्यांबद्दल मला काही वाटलं का, असं एखादा विचारील. रस्सा चांगला झाला होता, मी दोनदा घेतला.

सुषमा वाढायला आली तेव्हा मी हळूच म्हणालो, "तू चिडली असशील."

"कशाला?" ती म्हणाली. "बढती खरंच झाली असती तर तुम्ही मला सांगायच्या आधी गुलाबला सांगितली असती. मला काल लगेच कळलं." मग जाता जाता तिनं माझ्या भाकरीवर एक फोड टाकली आणि कुणी पाहिलं नाही ना ते पाहिलं.

जेवणं झाल्यावर मी गुलाबला घेऊन देवळामागे गेलो. पाया पडणाऱ्यांनी दुपारपर्यंत त्याच्यावर पाणी घातल्यामुळे तो अजून ओलाच होता. ऊन रणरणत होतं, लिंबाचं पान हलत नव्हतं, आणि सगळी वाडी सावली धरून आडवी झाली होती. तो तसाच शिस्तीत उभा होता, सकाळपासून वाट बघत. मी खिशातला रुमाल काढला, त्याची पाठ पुसली आणि म्हणालो, "झाड बाबा."

त्यानं झाडलं. तुऱ्यापासून शेपटीपर्यंत, दोन्ही पंख पसरून, पुनःपुन्हा. माझा सदरा भिजला, देवळाची मागची भिंत भिजली, आणि मी मान वर केली तर भिंतीच्या कोपऱ्याशी अनसाबाई उभ्या होत्या. शेजारी बाळ्या.

त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांच्या एका हाकेसरशी भगत येणार, सुरज सुरी घेऊन येणार, आणि देवानं आता घेतला असं ठरणार. मी गुलाबला उचलून छातीशी धरला. अनसाबाई कोंबड्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर जनावरं सांभाळलेली बाई ती.

"वारं सुटलंय," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं फडफडतंय त्ये."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी म्हणालो, "हो आत्या. वाराच."

दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर निघालो. निरोप द्यायला फारसं कुणी आलं नाही. मामा फाट्यापर्यंत आले, मनीच्या हातावर खाऊ ठेवला आणि माझ्याकडे न बघता पिशवीतल्या गुलाबच्या डोक्यावरून हात फिरवला. "खरंच व्हईल कवातरी बढती," ते म्हणाले. ते मला म्हणाले की गुलाबला, ते मी विचारलं नाही.

गाडी दिसायला लागली तेव्हा मागून अनसाबाई घाईघाईनं येताना दिसल्या. बाळ्या होताच. दम खात त्यांनी मला बाजूला घेतलं. सुरजला कारखान्यातून निरोप आला होता. पावसाळ्यात तो कायम होणार, नक्की झालं होतं. मी म्हणालो, छान झालं. त्या म्हणाल्या, हां, छानच झालं, आणि बाळ्याच्या कानामागे खाजवत राहिल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "जावई, पानी कोमट घालता का गार?"